घाटातल्या रेल्वेची पुस्तके : संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२४ : हद्द

'भारतीय रेल्वे' हा विषय धरला तर कपाटे भरतात आणि एकही अंग पुरे होत नाही, म्हणून आधी हद्द आखली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे बोरीबंदर ते पुणे आणि कल्याण ते इगतपुरी हे दोन फाटे, म्हणजे बोरघाट आणि थळघाट. नेरळ-माथेरानची दोन फुटी लाइन, म्हणजे दोन रुळांतले अंतर दोन फूट. घाटमाथ्यापलीकडची बार्शी लाइट रेल्वे. काळ १८४९ ते १९५४. जीआयपी कंपनीचा कायदा १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात मंजूर झाला आणि १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट सरकारच्या मालकीची झाली. या मुदतीबाहेरचे पुस्तक याच मुलखाबद्दल असेल तरच घ्यायचे.

काय गोळा करायचे तेही ठरवले. अभियंत्यांचे छापील निबंध, कंपनीचे आणि सरकारचे अहवाल, जिल्हा गॅझेटियर, वेळापत्रके, नियमपुस्तिका, दरपुस्तिका, प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शिका, आणि हे सगळे वाचून नंतर लिहिलेले अभ्यासग्रंथ. तिकिटे, बिल्ले, कंदील यात नाहीत. त्यांचा छंद वेगळा आणि जपणूकही वेगळी.

या विषयातल्या पुस्तकाचे अर्धे मोल त्याला जोडलेल्या कागदांत असते : घडीचा नकाशा, घाटाच्या चढाचा उभा छेद, पुलाचा आराखडा, मागाहून डकवलेली दुरुस्तीची चिठ्ठी. मजकूर आज कुठे ना कुठे स्कॅन होऊन मिळतो. नकाशे मात्र त्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा घडी न उलगडताच टिपलेले असतात, आणि कागदी प्रतींतून आधी फाटतात तेही नकाशेच. चांगला नकाशा असेल तर कोणीतरी तो कापून चौकटीत घालून विकलेला असतो. म्हणून पहिला नियम असा की प्रत पूर्ण आहे की अपुरी हे ठरेपर्यंत किमतीचे बोलणे करायचे नाही.

२१ एप्रिल २०२४ : आधारयादी

खरेदीच्या आधी यादी हवी. पुस्तक समोर आल्यावर त्यात काय असायला हवे हे माहीत नसेल तर काय गेले आहे ते कळत नाही.

यादीच्या माथ्यावर जेम्स बर्कली यांचा निबंध. बर्कली हे जीआयपीचे मुख्य अभियंता. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे १८५९-६० च्या सत्रात त्यांनी या रेल्वेवर निबंध वाचला आणि तो त्या संस्थेच्या कार्यवृत्ताच्या १९ व्या खंडात छापला आहे. निबंधानंतर सभेत झालेली चर्चाही तिथेच आहे. ती वगळून फक्त निबंध बांधलेल्या प्रती बाजारात दिसतात, त्या अपुऱ्या धरायच्या.

मग मुंबई इलाख्याची गॅझेटियर : ठाणे जिल्ह्याचा १३ वा खंड (१८८२), नाशिकचा १६ वा (१८८३), पुण्याचा १८ वा तीन भागांत (१८८५), सोलापूरचा २० वा (१८८४). रेल्वेचा मजकूर व्यापाराच्या प्रकरणात असतो. रेल्वे म्हणून वेगळे प्रकरण शोधणाऱ्याला तो सापडत नाही आणि विक्रेत्यालाही तो आत आहे हे ठाऊक नसते. रेल्वे बोर्डाने वेळोवेळी सुधारून काढलेला लाइनवार इतिहास हा कोणता तुकडा कधी उघडला हे पाहण्यासाठी रोज लागतो. इंजिनांसाठी ह्यू ह्यूज यांचे चार भाग आहेत, त्यांतला तिसरा अरुंद मापाच्या लाइनींचा (१९९४). मराठीत गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' (१८६३). रेल्वे नवी असताना ती पाहणाऱ्या मराठी माणसाने तेव्हाच लिहिलेले असल्यामुळे ते या यादीत वरचे आहे.

दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीसाठी हे रकाने : दाखल क्रमांक, शीर्षपानावरचे नाव जसेच्या तसे, मुद्रणालय, पाने (रोमन आकड्यांची वेगळी), प्लेट (वेगळी छापून डकवलेली चित्रांची पाने) आणि नकाशे किती असायला हवेत, किती आहेत, शिक्के, बांधणी मूळची की नंतरची, कुठून आले, कागदपत्र काय. यातला 'किती असायला हवेत' हा रकाना दुसरी पूर्ण प्रत डोळ्यांनी पाहून किंवा पुस्तकातल्याच नकाशांच्या यादीवरून भरायचा. विक्रेत्याच्या वर्णनावरून नाही.

शोधताना जुन्या स्पेलिंगांची यादी हाताशी लागते. कल्याण तेव्हा 'कॅलियन' असे छापत, ठाणे 'टॅना', नेरळ 'नॅरेल', कर्जत 'करजट', खोपोली 'कॅम्पूली', खडकी 'किरकी', दौंड 'धोंड'. घाट 'जीएचएयूटी' असा लिहीत, थळ 'थुल' होतो, कुर्डुवाडी तर 'बार्शी रोड' या नावाखाली असते. कंत्राटदारांची नावेही घालून पाहावीत : फॅव्हिएल, ट्रेडवेल. सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि बोरघाटाचे काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी पुढे चालवले, म्हणून दोन्ही नावांनी शोधायचे.

५ मे २०२४ : साल नसलेल्या कागदांचे साल

रद्दीतून येणाऱ्या निम्म्याहून अधिक पुस्तिकांवर छपाईचे वर्ष नसते. मुखपृष्ठ गेलेले असते किंवा मुळातच छापलेले नसते. साल ठरवायला आतल्या खुणा पुरतात, फक्त प्रत्येक खुणेपुढे 'याच्या आधीचे नाही' की 'याच्या नंतरचे नाही' ते स्पष्ट लिहायचे.

सर्वात पक्की खूण बोरघाटाच्या नकाशात मिळते. कल्याणहून खोपोलीपर्यंतची लाइन मे १८५६ मध्ये उघडली. खंडाळा ते पुणे जून १८५८ मध्ये. मधला घाट १८६३ मध्ये. म्हणजे ज्या नकाशात खोपोलीला लाइन संपते, वर खंडाळ्याला दुसरी सुरू होते आणि मध्ये कोरी जागा किंवा ठिपक्यांची रेघ आहे, तो नकाशा या पाच वर्षांतली स्थिती दाखवतो. त्या काळात उतारू खोपोलीला उतरून रस्त्याने घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडीत बसत. घाट उघडल्यावर मुख्य लाइन कर्जतहून वर गेली आणि खोपोली फाट्यावर पडली.

घाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनकडेही पाहायचे. लाइन तिथे टोकाला जाऊन उलट दिशेने निघते, नकाशात ते कोन करून आलेल्या दोन रेघांसारखे दिसते. १९२० च्या दशकाअखेर नवी आखणी झाल्यावर ते बंद झाले. आराखड्यात ते असेल तर आराखडा त्याआधीचा. मात्र नंतरच्या मार्गदर्शिकांत नकाशाचा जुनाच छपाईचा ठोकळा पुन्हा वापरलेला असतो, म्हणून एका खुणेवर विसंबायचे नाही, दोन तरी जुळायला हव्यात.

'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव १८८७ पासूनचे. त्याआधी बोरीबंदर. नेरळहून माथेरानचा फाटा दिसला तर १९०७ किंवा नंतरचे. विजेच्या गाड्यांचा उल्लेख असेल तर ३ फेब्रुवारी १९२५ नंतरचे, त्या दिवशी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. दख्खनची राणी असेल तर १ जून १९३० नंतरचे. कंपनीचा करार संपून जीआयपी १९२५ च्या मध्याला सरकारी झाली, त्यामुळे लंडनमधल्या संचालक मंडळाची यादी छापली असेल तर पुस्तिका त्याआधीची. 'मध्य रेल्वे' हे नाव ५ नोव्हेंबर १९५१ पासून. भाडे रुपये-आणे-पैंत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचे. तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला.

वेळापत्रकांत आणखी एक खूण असते, ती पहिल्या पानावर किंवा तळटीपेत बारीक अक्षरात. १९०५ पर्यंत रेल्वेची घड्याळे मद्रास वेळेवर चालत. मद्रास वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या नऊ मिनिटे मागे आणि मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे. 'मद्रास टाइम' छापलेले वेळापत्रक म्हणजे १९०५ किंवा त्याआधीचे, आणि त्यातल्या वेळा त्या काळच्या मुंबईकर वर्तमानपत्रातल्या वेळांशी ताडताना हा अर्धा तास धरावाच लागतो. तो न धरता दोन कागदांतली गाडी वेगळी ठरवल्याची उदाहरणे अभ्यासग्रंथांतही आढळतात.

१९ मे २०२४ : प्रत ताडणे

पुण्याच्या गॅझेटियरचा एक भाग टेबलावर आहे. ताडण्याचा क्रम इथे लिहून ठेवतो, सगळ्या प्रतींना हाच लावायचा.

हात धुऊन कोरडे करायचे. पांढरे सुती हातमोजे नकोत. त्यांनी कागदाची जाडी बोटाला कळत नाही आणि ठिसूळ कडा दोऱ्यात अडकून तुटतात. पुस्तक सपाट उघडायचे नाही, दोन्ही बाजूंना टेकू देऊन साधारण १०० ते ११० अंशांपर्यंतच.

आधी फर्मे मोजायचे, म्हणजे एकेक मोठा छापील कागद घडी घालून झालेले पानांचे गठ्ठे. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षर किंवा आकडा असतो. इंग्रजी पद्धतीच्या छपाईत फर्म्यांच्या खुणांत जे, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरे वापरत नसत. आय नंतर थेट के आला म्हणजे फर्मा गळाला असे नाही. खुणा जुळल्यावर पानांचे आकडे, मग प्रकरणांची सुरुवात, मग शुद्धिपत्र. शुद्धिपत्र बहुधा वेगळ्या लहान कागदावर शेवटी किंवा अनुक्रमणिकेपुढे डकवलेले असते आणि नव्या बांधणीत हमखास गळते.

प्लेट आणि नकाशे फर्म्यांचा भाग नसतात, ते नंतर डकवतात, म्हणून पाने पूर्ण असूनही ते गेलेले असू शकतात. पाहायचे कुठे, तर दोन पानांच्या खोबणीत. नकाशा कापला असेल तर तिथे दोन-चार मिलिमीटरची पट्टी उरते, तिची कड ब्लेडने कापल्यासारखी सरळ असते. आपोआप सुटला असेल तर समोरच्या पानावर जुन्या खळीचा पिवळा पट्टा आणि शाईची पुसट छाप राहते. मलपृष्ठाच्या आत नकाशाचा कप्पा असेल तर त्याच्या तळाशी हात न घालता कप्पा हलकेच फुगवून विजेरीने पाहायचे, घडीचे तुकडे तिथे साचतात.

शेवटी आतले आकडे. बोरघाटाच्या उभ्या छेदात पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढण १,८३१ फूट, सर्वात तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट, बोगदे २५. थळघाटाची चढण ९७२ फूट. छेदाचा एखादा तुकडा गळून उरलेले सांधले असेल तर हे आकडे लागत नाहीत.

पुनर्मुद्रण ओळखायला दहापट भिंग पुरते. १८८५ च्या छपाईत खिळ्याचा, म्हणजे धातूच्या अक्षरठशाचा, दाब असतो. पानाच्या मागून तिरपा उजेड टाकला की अक्षरे उठलेली दिसतात आणि शाई अक्षराच्या कडेला किंचित दाट असते. ऑफसेटवर काढलेल्या प्रतीत दाब नसतो, नकाशाच्या छटा ठिपक्यांत फुटलेल्या असतात. सरकारी फेरछपाई वाचायला उत्तम आणि स्वस्त आहे, ती जरूर घ्यावी, फक्त नोंदवहीत फेरछपाई म्हणूनच. मागणीनुसार छापून 'दुर्मीळ' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रती मात्र नकोत. त्यांत घडीचा नकाशा एका पानाएवढा लहान केलेला असतो आणि स्टेशनांची नावे वाचता येत नाहीत.

९ जून २०२४ : पावसाआधीची व्यवस्था

कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. ६५ च्या पुढे बुरशी धरते. कपाटात ४५ ते ५५ राखायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती दिवसभर वरखाली होऊ द्यायची नाही.

आर्द्रतामापकांवर डोळे झाकून भरवसा ठेवू नये, स्वस्त यंत्रे दहा टक्क्यांनी चुकतात. तपासणी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, ओल्या वाळूइतके होईल असे थेंब-थेंब पाणी घालायचे, झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत ठेवून रात्रभर सोडायचे. आत ७५ टक्के स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर त्यावर 'अधिक ५' अशी चिठ्ठी लावायची.

लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे, तळ जमिनीपासून सहा इंच वर. बाहेरची भिंत रात्री गार पडते आणि कपाटाची पाठ तिला टेकली तर आतल्या बाजूला दव धरते. सिलिका जेल निळे नको, नारिंगी घ्यावे. ते ओल शोषून हिरवे झाले की १२० अंशांवर दोन तास भट्टीत तापवून परत वापरता येते. दमट पुस्तक बंद कपाटात सिलिका टाकून कोंडायचे नाही. आधी पंख्याखाली, वाऱ्याच्या थेट झोताबाहेर, पाने उघडून उभे ठेवायचे.

डांबरगोळ्या नकोत. वास कागदात मुरतो आणि वाळवीला त्याने काही होत नाही. वेखंडाच्या कांड्या कापडात बांधून ठेवायला हरकत नाही, पोथ्यांच्या लाल बासनात घराघरांत हेच करत आले आहेत. पण त्याच्या भरवशावर झाडलोट चुकवायची नाही.

३० जून २०२४ : गंजलेल्या टाचण्या

वेळापत्रके, दरपुस्तिका आणि नियमपुस्तिका तारेच्या टाचण्यांनी शिवलेल्या असतात. विसाव्या शतकातल्या या पुस्तिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लधर्मी. टाचणी गंजली की भोवतीचा कागद तपकिरी होऊन भुगा होतो आणि मधली जोडपाने आपोआप सुटतात.

टाचणी ओढून काढायची नाही. पुस्तिका मधोमध उघडायची. वाकलेल्या दोन पायांखाली पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवायची, म्हणजे खालचा कागद वाचतो. पाय चपट्या सळईने एकेक करून उभे करायचे. मग पुस्तिका उलटून बाहेरच्या बाजूने टाचणीची पाठ उचलायची. गंजामुळे ती कागदाला चिकटलेली असेल तर मध्येच कापून दोन तुकड्यांत काढायची. गंजाची पूड मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडायची. मूळ भोकांतूनच लिनन दोऱ्याने तीन भोकांची शिलाई घालायची. भोके फाटली असतील तर घडीवर आतून जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी आधी लावायची. नवी भोके पाडली तर कागद त्या रेषेत टपाल तिकिटासारखा फाटतो.

वेळापत्रकांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवलेल्या असतात. त्या सोडवून खालची मूळ वेळ पाहण्याचा मोह टाळायचा. मागून उजेड टाकून फोटो काढला तर बऱ्याचदा दोन्ही वाचता येतात. सुट्या पडलेल्या चिठ्ठ्या कोणत्या पानांत होत्या ते पेन्सिलने पाकिटावर लिहून पाकीट त्याच पुस्तिकेबरोबर ठेवायचे. एखादी गाडी बदलल्याचा लेखी पुरावा कित्येकदा तेवढ्या चिठ्ठीतच असतो.

२१ जुलै २०२४ : घडीचा नकाशा

नकाशा फाटतो तो दोन जागी : जिथे तो खोबणीत डकवला आहे तिथे, आणि जिथे आडव्या-उभ्या घड्या छेदतात त्या कोपऱ्यांत. कोपऱ्यात आधी टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र पडते, मग ते चारी बाजूंनी वाढते.

चिकटपट्टी लावलेली असेल तर ओढायची नाही. तिचा गोंद वर्षानुवर्षांत कागदात उतरतो आणि ओढताना छपाईचा थर निघून येतो. ते काम जाणकार संवर्धकाचे. फेव्हिकॉलही नको. तो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही आणि घडीवर कडक होतो, त्यामुळे पुढच्या वेळी कागद त्याच्या शेजारी तुटतो. जुने बायंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालत. कसर लागत नसे हे खरे, पण तांब्यामुळे कागद काळवंडतो आणि ठिसूळ होतो. मैद्यातले ग्लुटेन पिवळे पडते, म्हणून मैद्याऐवजी गव्हाचे निव्वळ स्टार्च.

खळ अशी : एक भाग स्टार्च, पाच भाग शुद्ध पाणी. अर्धा तास भिजवायचे. मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, सतत ढवळत साधारण पंचवीस मिनिटे. आधी दुधाळ असते, मग घट्ट होते, मग अर्धपारदर्शक. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून काढायची. लावताना ताकासारखी पातळ करायची. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्यायची.

आधी रंगांची तपासणी. जुन्या नकाशांत रेल्वेची लाल रेघ किंवा जिल्ह्याची हद्द हाताने रंगवलेली असते. कापसाची काडी शुद्ध पाण्यात बुडवून निथळायची, रेघेच्या एका टोकाला क्षणभर टेकवायची, टिपकागदावर दाबून पाहायची. रंग उतरला तर ओले काम थांबवायचे.

घडीसाठी दर चौरस मीटरला १२ ते १७ ग्रॅमचा जपानी टिश्यू, छपाईवरून जायचे असेल तर ५ ते ९ ग्रॅमचा. पट्टी कात्रीने कापायची नाही. फूटपट्टीशेजारी पाण्याने ओली रेघ ओढून हाताने फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि वाळल्यावर धार उमटत नाही. खळ टिश्यूला लावायची, नकाशाला नाही. पट्टी नकाशाच्या मागच्या बाजूने, फाटलेल्या कडा आधी नीट जुळवून. वर-खाली न विणलेले पॉलिएस्टर कापड, त्यावर टिपकागद, त्यावर काच आणि वजन. टिपकागद पंधरा मिनिटांनी बदलायचा, मग तासाने, मग रात्रभर. पहिला बदल चुकला की ओल कडेला सरकते आणि वाळल्यावर तपकिरी लाट दिसते, ती पुन्हा जात नाही.

कापडावर चढवलेला नकाशा असेल तर कापड काढायचे नाही. सुटलेल्या कोपऱ्यापुरती खळ पुरे.

११ ऑगस्ट २०२४ : खरेदी

मुंबईत फोर्टातले पदपथावरचे विक्रेते आणि चोरबाजार, पुण्यात जुना बाजार. इथे मिळते ते बहुधा घर रिकामे करताना निघालेले. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या घरातून नियमपुस्तिका, वर्किंग टाइमटेबल (कर्मचाऱ्यांसाठीचे वेळापत्रक) आणि प्रशिक्षणाच्या वह्या एकगठ्ठा येतात. रद्दीवाल्याशी वजनावर बोलणे होते, पण त्याला आधी सांगून ठेवावे लागते की पातळ पुस्तिका आणि सुटे नकाशे बाजूला काढ. जाड पुठ्ठ्याचे तो स्वतःच बाजूला काढतो, चार पानी पत्रक मात्र थेट लगद्याला जाते.

ऑनलाइन विक्रेत्याकडे हे फोटो मागायचे : शीर्षपान, त्याची मागची बाजू, नकाशांची यादी, प्रत्येक नकाशा पूर्ण उलगडलेला, पुस्तकाची पाठ, सांध्याची आतली बाजू, सगळे शिक्के. 'नकाशासह' एवढे वर्णन पुरेसे नाही, कारण एक नकाशा असला तरी ते खरेच असते. नकाशे नसलेल्या प्रतीला पूर्ण प्रतीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त द्यायचे नाहीत, मजकूर कितीही स्वच्छ असो.

शिक्क्यांबद्दल कडक राहायचे. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर निर्लेखनाचा (पुस्तक संग्रहातून रीतसर काढल्याचा) शिक्का किंवा लिलावाची पावती हवी. नसेल तर त्या ग्रंथालयाला कळवायचे आणि उत्तर येईपर्यंत पुस्तक घ्यायचे नाही. दाखल क्रमांक खरवडलेला, शिक्क्यावर कागद चिकटवलेला किंवा शीर्षपानाचा कोपरा कापलेला असेल तर तिथेच थांबायचे. संग्रह उभा करायचा म्हणून सार्वजनिक कपाट रिकामे झाले तर सगळ्यांचेच नुकसान आहे. रेल्वे कार्यालयाचा शिक्का असलेल्या नियमपुस्तिका कर्मचाऱ्याला नावाने दिलेल्या असत. त्यावर नाव-हुद्दा असतो, तो नोंदवहीत उतरवून घ्यायचा.

हस्तलिखित सर्वेक्षण वह्या, पत्रव्यवहार, नोंदपुस्तके ७५ वर्षांपेक्षा जुनी आणि ऐतिहासिक मोलाची असतील तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी खरेदीदार भाव वाढवतो तेव्हा विक्रेत्याला हे सांगणे आपले काम.

८ सप्टेंबर २०२४ : बार्शी आणि माथेरान

घाटाच्या मानाने इथे साहित्य विरळ आहे, आणि ते वेगळ्याच जागी सापडते.

बार्शी लाइट ही एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची. अडीच फुटी माप, १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी, मग पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. दर आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलके रूळ चालतात आणि तरी मालाचा डबा मोठा ठेवता येतो, हा त्यांचा आग्रह. डबे आणि इंजिन इकडे पाठवण्याआधी त्यांनी लीड्सजवळ न्यूले इथे १८९४ मध्ये चाचणीची लाइन टाकून दाखवले होते. त्यामुळे बार्शीच्या गाड्यांचे उत्तम वर्णन आणि रेखाचित्रे त्या काळच्या विलायती अभियांत्रिकी नियतकालिकांत आहेत. दुसरी जागा इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या लाइनीवरची पुस्तके. ती लाइनही कॅल्थ्रॉप यांनीच अडीच फुटी मापावर केली, १९०४ मध्ये उघडली आणि तिची इंजिनेही बार्शीसारखी लीड्सच्या किटसन कारखान्यातली. त्या पुस्तकांत बार्शीची प्रकरणे आणि छायाचित्रे येतात आणि आपल्याकडचे कोणी ती शोधत नसल्यामुळे भावही बरे असतात. कॅल्थ्रॉप यांच्या नावाने सूची पाहताना पॅराशूटवरचे साहित्य पुढे आले तर चुकीचा माणूस समजून सोडू नये. नंतर त्यांनी पॅराशूट बनवले.

माथेरानची लाइन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी खासगी पैशाने बांधली, १९०४ ते १९०७. सरकारी अहवालांत ती म्हणून ओझरतीच येते. मार्गदर्शिका हाच आधार. १९०७ पूर्वीच्या मार्गदर्शिकाही घ्यायच्या, कारण नेरळहून वर जाण्याच्या जुन्या वाटांची वर्णने त्यांतच असतात. इंजिने ऑरेनस्टाइन अँड कॉप्पेलची. वळणावर टोकाचे आस बाजूला सरकावेत अशी त्यांची क्लिएन-लिंडनर रचना होती, ती जर्मन पुस्तकांत आराखड्यांसह मिळते.

६ ऑक्टोबर २०२४ : कसर, कातडे, स्कॅन

पाऊस सरताच प्रत्येक पुस्तक बाहेर काढून पाहायचे. बारीक पिवळसर भुसा पडत असेल तर आत अळी जिवंत आहे. पुस्तक पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद करायचे आणि उणे १८ ते २० अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवायचे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. उघडली तर गार कागदावर दव धरते आणि किडीऐवजी बुरशी लागते.

कातडी पाठीवर विटकरी भुकटी हाताला लागत असेल तर तो आम्लाने झालेला क्षय. खोबरेल, बुटाचे पॉलिश, तेलाचा हात, काहीही नको. तेल कागदापर्यंत झिरपते. आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये दोन टक्के क्लुसेल-जी (सेल्युलोजपासून केलेली बांधून धरणारी पूड) मिसळून मऊ ब्रशने पातळ हात द्यायचा. भुकटी धरून राहते, कातडे मात्र पुन्हा मजबूत होत नाही. तशी पुस्तके आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या मापाच्या पेटीत.

स्कॅन मजकुरासाठी ४०० डीपीआय, नकाशासाठी ६००, मूळ फाइल टिफमध्ये. नकाशा ए३ काचेवर तुकड्या-तुकड्यांत घ्यायचा, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर पाव भाग चढेल असा, नाहीतर जोडताना घाटाची वळणे सरकतात. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवायची. पुस्तकातून न सुटणारा नकाशा काचेवर दाबायचा नाही, त्याचा वरून फोटो घ्यायचा. सरकारी प्रकाशनांचा स्वामित्वहक्क प्रकाशनवर्षानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९६३ पर्यंतची प्रकाशने आज मोकळी आहेत. लेखकाच्या नावाची पुस्तके त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. मोकळ्या पुस्तकांचे नकाशे पूर्ण उलगडून सर्वांसाठी ठेवायचे आहेत, कारण उपलब्ध स्कॅनमध्ये नेमकी तीच उणीव आहे.

१७ नोव्हेंबर २०२४ : राहिलेले

बर्कलींच्या निबंधाच्या प्लेट दुसऱ्या पूर्ण खंडाशी ताडायच्या आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत वाचनाची परवानगी घेऊन तिथल्या खंडाशी हे करायचे. सोलापूर गॅझेटियरचा जिल्हा नकाशा हवा, १८८४ चा असल्याने त्यात बार्शीची लाइन नसणारच, पण बार्शी रोडची जागा आणि गाडीरस्ता हवा आहे. 'मद्रास टाइम' छापलेले जीआयपीचे कोणतेही वेळापत्रक, मुखपृष्ठ नसले तरी चालेल. पंढरपूरच्या वारीसाठी सोडलेल्या जादा गाड्यांची बार्शी लाइटची मराठी हस्तपत्रके कोणाच्या पोथ्यांत, जुन्या पंचांगांत खुणेसाठी घातलेली असतील तर ती तिथून काढण्याआधी आहे त्या पानासह फोटो काढून ठेवावा. कोणत्या सालच्या पंचांगात होती हेच त्या पत्रकाचे साल ठरवायला उपयोगी पडेल.